मिस्सा झाल्यावर पुढे काय? शेजारच्या दारात जगलेली श्रद्धा

तळ्याकाठची

नमस्कार मंडळी. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे निर्मळ, भुईगाव, गिरिज, नंदाखाल, आगाशी या बाजूला आज कुठल्याही आळीतून चालत गेलात तर मोठमोठे बंगले दिसतील आणि आत एक किंवा दोन म्हातारी माणसं. मुलं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. पैसे वेळेवर येतात, व्हिडिओ कॉलही होतो. पण बल्ब गेला तर स्टुलावर चढायला घरात कोणी नाही. खाली रायगड-रत्नागिरीत हेच चित्र थोड्या फरकाने दिसतं. चाकरमानी मुंबईला आणि गावच्या घरात आजी एकटी. म्हणून हा विषय फक्त आम्हा वसईकरांचा नाही, सगळ्या किनारपट्टीचा आहे असं समजून मांडते आहे.

रविवारी आमची चर्च भरलेली असतात, ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रार्थनेला, उभं राहायला जागा नसते. याचा मला मनापासून आनंद आहे. पण बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाचा एक प्रश्न मला सोडत नाही. एखादा भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुमच्यातलं कोणी त्यांना म्हणालं, सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा, पण दिलं मात्र काहीच नाही, तर काय उपयोग? याकोबाने हे प्रार्थनेला जमणाऱ्यांनाच विचारलं आहे. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, शेवटी फादर आपल्याला शांतीने जायला सांगतात आणि आपण घरी जातो. त्या वाटेवर कोणाकोणाची दारं लागतात, त्याबद्दल बोलायचं आहे.

चांगल्या शोमरोनीचा दाखला सगळ्यांना ठाऊक आहे, ख्रिस्ती नसलेल्यांनाही. लुटारूंनी मारून टाकलेला जखमी माणूस रस्त्यात पडलेला असतो. याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, बाजूने निघून गेले. परक्या समाजातला शोमरोनी थांबला, त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या. प्रवचनं बहुतेक इथेच थांबतात. मला त्यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. तो जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो आणि सांगतो, याहून जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा भरून देईन. रस्त्यात थांबणं एखाद्या वेळी कुणाच्याही हातून होऊन जातं. परत यायचं तर लक्षात ठेवावं लागतं, आपल्या कामांतून दिवस काढावा लागतो. ख्रिस्ती माणसाची दया या परत येण्यावरून ओळखावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्याकडे घरभेटी जोडीने होतात, म्हणजे गरजू माणसाच्या घरी दोघं मिळून जातात. ही रीत आमची नव्हे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना बरोबर घेऊन सुरू केलेलं काम पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर पसरलं, तिथून ती आली. गरिबाला आपल्या दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. आणि सभेत एक पिशवी फिरते, तिच्यात कोणी किती टाकले ते कोणालाच कळत नाही. मला ही पिशवी फार आवडते. ज्याच्याकडे त्या आठवड्यात काही नसतं तोही मूठ बंद करून हात आत घालतो.

नोव्हेंबरबद्दल सांगते. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. परदेशातली मुलंसुद्धा फोन करून विचारतात, बाबांच्या कबरीवर फुलं गेली ना. आणि याच महिन्यात पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. वाडीत आयुष्य काढलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. नवऱ्यामागे मिळणारी फॅमिली पेन्शन हाच त्यांचा आधार. मशीन ठसा घेत नाही, बाई रांगेतून परत येते, पुन्हा रिक्षाचे पैसे खर्च करायचे की नाही या विचारात आठवडा जातो. आता हा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. पोस्टमन थोडं शुल्क घेऊन घरी येऊन करून देतो. ऐंशीच्या पुढच्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. हे सगळं उपलब्ध आहे, पण आजीपर्यंत पोचवणार कोण? आमच्या आळीत कॉलेजची मुलं हे काम करतात. कबरीवर फूल ठेवणं प्रेमाचंच आहे. जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत हे कागदावर दाखवायला सोबत करणं मला त्याहून कमी पवित्र वाटत नाही.

अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ‘काही हवं का’ असं विचारलं की ‘काही नको’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा नजर फिरवावी. गोळ्यांच्या पट्ट्या तारखेप्रमाणे संपल्या आहेत का, न्हाणीघराची फरशी निसरडी झाली आहे का, गॅसचा नंबर लावला आहे का. दुसरी गोष्ट, त्यांनी निघताना हातात काही दिलं तर घ्यावं. चार सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, असतील, विड्याची पानं असतील. नाही म्हटलं की त्यांना फक्त घेणाऱ्याच्या जागी बसवल्यासारखं होतं, आणि ते त्यांना लागतं.

तुमच्या गावात काय चालतं? चर्चमध्ये जाणारे, न जाणारे, सगळ्यांनी लिहा.

उत्तनचा नाखवा

ताई, आमच्याकडे बोंबील वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवावर, वाळत असले आणि अवकाळी पाऊस आला की कोणाची वलांड कुठली हे बघत नाही कोणी. जो हाताशी असेल तो धावतो. ही दया की रीत, ते मी सांगू शकत नाही, पण लहानपणापासून हेच बघितलं.

परत येण्याबद्दल लिहिलंत म्हणून आठवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटीच्या मालकाचं कसंबसं निभतं, पण खलाशाच्या घरी किराण्याचं खातं वाढत जातं. आमच्या इथे एक माणूस होता, आता देवाघरी गेला. दर जुलैच्या शेवटी दुकानात जाऊन दोनतीन खाती भागवून यायचा आणि दुकानदाराला शपथ घालायचा. दुकानदार आमच्या धर्माचा नव्हता, पण त्याने शपथ पाळली. तो माणूस गेल्यावर मातीला आलेल्या लोकांसमोर दुकानदाराने स्वतः सांगितलं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन आम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. करून दाखवणारा तो एक.

आगाशीकर

मी ख्रिस्ती नाही. तरी लिहितो, कारण निर्मळच्या जत्रेला आम्ही आणि आमचे ख्रिस्ती शेजारी लहानपणापासून एकत्र जात आलो, आणि वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना कूस बदलून द्यायला रोज सकाळी शेजारचे काका येत होते. कामावर जायच्या आधी यायचे, चहासुद्धा घेत नसत. त्या कुटुंबाबद्दल आमच्या घरात शब्दाने कोणी वाईट बोलणार नाही.

पण एक प्रश्न स्पष्ट विचारतो, राग मानू नका. बाहेरगावचे नातेवाईक आले की विचारतात, ‘ही लोकं एवढं करतात, मग त्यांना मिळतं काय?’ म्हणजे यामागे धर्मांतराचा हेतू असणार असं त्यांना सुचवायचं असतं. मी त्यांना आमचा अनुभव सांगतो. तुम्ही काय सांगाल?

तळ्याकाठची

आगाशीकर, राग कसला? हा प्रश्न मनात ठेवून वागण्यापेक्षा विचारलात हे चांगलं केलंत.

लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत. येशूने दहाही जणांना बरं केलं. आभार मानायला एकच परत आला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे ज्यांच्याशी यहुद्यांचं पटत नव्हतं त्यांच्यातला. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूने विचारलं खरं, पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. माझ्यामागे या, मग बरं करतो, असंही आधी म्हटलं नव्हतं. माझ्यासाठी उत्तर इथे संपतं. मदतीला अट जोडली की तो सौदा होतो, आणि येशूच्या नावाने सौदा करणं हा त्याचाच अपमान आहे.

आमच्या भेटीगाठींत एक गोष्ट कसोशीने पाळतो. समोरच्याने आपणहून म्हटल्याशिवाय त्याच्या घरी आम्ही मोठ्याने प्रार्थना करत नाही, आणि मागितल्याशिवाय पवित्र चित्र देत नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, पण ती आपापल्या घरी. आणि तुमच्या त्या काकांना काय मिळत होतं म्हणाल तर मला वाटतं, तुमच्या वडिलांचा सहवास मिळत होता.

खाडीपलीकडून

मी कोर्लई-रेवदंड्याच्या बाजूची. आमच्या गावाबद्दल वाचायला मिळतं ते किल्ल्याबद्दल, नाहीतर पोर्तुगीजांपासून चालत आलेल्या आमच्या बोलीबद्दल. अभ्यासक येतात, बोली टिपून घेतात, त्याचं कौतुकच आहे. पण हा विषय निघाला तर मला ३ जून २०२० आठवतो. निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. करोनाचे दिवस, चर्च बंद, आणि वरून छप्परं उडालेली. चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचं रोप लावलं तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. त्यामुळे तात्पुरत्या मदतीने भागणारं ते नुकसानच नव्हतं.

पहिले काही दिवस गाड्यांवर गाड्या आल्या. तांदूळ, ताडपत्री, मेणबत्त्या. सगळ्यांचे उपकार आहेत, कमी लेखत नाही. पण श्रावण उजाडेपर्यंत रस्ता रिकामा झाला. तेव्हा मागे राहिले ते जवळपासचेच. ज्याच्याकडे जनरेटर होता त्याच्या ओट्यावर सगळ्या गावाचे फोन चार्जिंगला. ज्याच्याकडे करवत होती तो पडलेली झाडं कापत फिरायचा आणि मजुरी म्हणून फक्त फांद्या घ्यायचा. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांना पोफळीची रोपं नेऊन दिली, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, जो शेजारी होता त्याला. एक वर्ष मध्ये गेलं होतं, तरी तिच्या लक्षात होतं. तळ्याकाठची म्हणतात ते परत येणं मी त्या बाईंमध्ये पाहिलं.

गिरिजचा जुना शिक्षक

चर्चा चांगली चालली आहे, पण माझा थोडा वेगळा सूर आहे. घरभेटी, डबे, रोपं हे सगळं हवंच. त्याबरोबर गरज मुळात का निर्माण होते हेही बघायला हवं. आमच्या पूर्वजांनी ते बघितलं. शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडत होता, म्हणून १९१८ साली वसईत कॅथलिक पतसंस्था उभी राहिली. आज ती मोठी सहकारी बँक आहे. त्या काळी चार पैसे कर्जाऊ देणं हेही शेजाऱ्यावर प्रेम करणंच होतं, फक्त त्याला हिशेबाची वही जोडली होती. वहीमुळे प्रेम कमी होत नाही, उलट ते टिकतं.

आणि एक बोचरी गोष्ट लिहितो. याकोबाचा दुसरा अध्याय इथे आला, मग पाचवाही येऊ द्या. शेतात राबणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्ही अडवून ठेवली ती ओरडते आहे, असं तो म्हणतो. आपल्या वाडीत पूर्वेकडून आदिवासी बाया कामाला येतात. बंगल्यात स्वयंपाकाला, म्हाताऱ्यांच्या सेवेला बाई येते. तिचा पगार ठरल्या दिवशी होतो का? आजारी पडली तर खाडा कापतो का? नाताळात केक देतो, पण ती जमिनीवर बसून खाते की टेबलावर? उपवासकाळात आपण मांस सोडतो. त्यापेक्षा या एका बाबतीत घरातल्या घरात चौकशी केली तर मला ते जास्त मोलाचं वाटेल.

तळ्याकाठची

सर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. वादच नाही. मजुरी वेळेवर देणं ही दयासुद्धा नव्हे, ते तिचं देणं आहे, आणि देणं चुकवून दया दाखवणाऱ्याची दया देवाने तरी का मोजावी?

वेंगुर्लेकर

तुमी म्हणतास ता खरा. आता पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल होतं, जुनी माणसं अजून त्याच्या आठवणी काढतात. तिथे काम करणाऱ्या मिशनरी दांपत्याचा मुलगा रॉबर्ट गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि नंतर भारतात अमेरिकेचा राजदूत म्हणून आला. हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण माझी आजी सांगायची ते तिथल्या आयांबद्दल. रात्री बाळंतिणीजवळ बसून राहणाऱ्या, गावातल्याच बाया. त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

आज आमची अडचण वेगळी आहे. दुखणं मोठं असलं की सिंधुदुर्गातला माणूस गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जातो. पेशंट आत, आणि बरोबर आलेलं माणूस बाहेर, अनोळखी गावात, कधीकधी आठवडाभर. जेवणाची सोय कुठे, आंघोळ कुठे, काही माहीत नसतं. माझी मावशी लग्न होऊन तिकडे दिली आहे. आमच्या बाजूचं कोणी दाखल आहे असं कळलं की ती पेजेचा डबा घेऊन जाते, मग तो पेशंट तिच्या ओळखीचा असो नसो. जातीधर्माचं तर नावच नको. ‘आमच्या गावचो आसा’ एवढं तिला पुरतं. एकदा विचारलं, तू हे चर्चच्या ग्रुपमधून करतेस का? म्हणाली, ग्रुपला कळलं तर डब्यांचं वेळापत्रक होईल, मग माझी पाळी नसेल त्या दिवशी आलेला माणूस उपाशी राहील. शिक्षक सरांना हे पटणार नाही कदाचित.

गिरिजचा जुना शिक्षक

मावशींना नमस्कार सांगा. त्यांच्याबाबतीत मी वहीचा आग्रह सोडतो. पण त्या थकतील तेव्हा डबा कोण नेणार, एवढं मात्र त्यांना विचारा.

नवीन सभासद, नंदाखाल

मी कॉलेजला आहे. आमच्या युवा गटाने भेटी सुरू केल्या. माझ्या दोन अडचणी आहेत. एक, गटातल्या काही जणांना प्रत्येक भेटीचा फोटो स्टेटसला टाकायचा असतो. म्हणतात, त्यामुळे इतरांना प्रेरणा मिळते. दोन, आजी-आजोबांशी बोलायचं काय? पाच मिनिटांत विषय संपतात. फादर किंवा सिस्टर गेल्या की ते खूश होतात, आम्ही गेलो की टीव्ही बघत बसतात.

तळ्याकाठची

बाळा, फोटोबद्दल माझं मत पक्कं आहे. आजी आजारपणात विस्कटलेल्या केसांनी बसलेली असते. तिचा तो चेहरा तिच्या परवानगीशिवाय शंभर फोनवर जायला नको. तिलाच काढावासा वाटला तर काढा आणि तिच्या मुलाला पाठवा, त्याला खरंच आनंद होईल. प्रेरणेचं म्हणशील तर वर नाखव्यांनी सांगितलेल्या माणसाचा कुठे फोटो आहे?

बोलण्याचं सांगते. आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया आठव. तो धर्मगुरू नव्हता. आधी व्यापार करत होता, मग फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेलेल्या सव्वीस जणांत तो होता, हे आपण सणाच्या दिवशी ऐकतो. त्याआधीचं कमी ऐकतो. त्याला जपानी येत होतं म्हणून तो इतर बंधूंसाठी दुभाष्याचं काम करायचा. ते बंधू तिथे कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करत. म्हणजे त्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं. तुझ्याकडे मोबाइल हाताळायची सवय आहे. आजींचा फोन घे, मुलांची नावं मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर आण, व्हिडिओ कॉल लावायला शिकव. शिकवताना गप्पा आपोआप निघतात. आणि टीव्ही बघत असतील तर शेजारी बसून तीच मालिका बघ. पुढच्या वेळी ‘मग काय झालं त्या सुनेचं’ म्हणून विचार. तू परत आलास आणि तुझ्या लक्षात होतं, हे त्यांना कळेल.

चिपळूणची

मीही ख्रिस्ती नाही, पण २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्याखाली गेलं होतं म्हणून लिहिते. पाणी उतरल्यावर चिखल काढायला बाहेरगावहून कितीतरी गट आले. कोण कुठल्या संस्थेचं ते विचारायची शुद्धही नव्हती. त्यात एक मुलगी होती, गळ्यात छोटा क्रूस. तिने फावडं घेतलं नाही. घराचे कागद, आईची आरोग्याची फाइल, लग्नाचा अल्बम असं सगळं ओलं एका टोपलीत पडलं होतं, ती ते एकेक पान सुटं करून वर्तमानपत्रावर पसरत दिवसभर बसली. आम्हाला वाटलं होतं हे फेकूनच द्यायचं. आईची फाइल वाचली, तिच्या पुढच्या उपचाराला ती उपयोगी पडली. अशा आपत्तीनंतर जाणाऱ्यांसाठी सुचवते, कागद आणि फोटो वाळवायला एक माणूस वेगळा ठेवा.

तळ्याकाठची

चिपळूणच्या ताई, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नसतं. युवा गटाला नक्की सांगते.

आता कामाचं. सप्टेंबर संपत आला. ऐंशीच्या पुढच्यांचे दाखले १ ऑक्टोबरपासून सुरू करायचे आहेत, म्हणजे नोव्हेंबरची रांग टळेल. आधार कार्ड, पेन्शनचा नंबर, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ असला म्हणजे झालं. मोबाइल मुलाच्या नंबरावर आणि मुलगा दुबईला, असं बऱ्याच घरांत असतं, तेव्हा त्याला आधी कळवून ठेवा. नंदाखालच्या मुला, तुमच्या गटातले चार जण मिळतील का? आणि आगाशीकर, तुमच्या आळीतही पेन्शनवाले असतील. त्यांची नावं इथे लिहू नका, मला निरोपातून पाठवा.

आगाशीकर

पाठवली. सात घरं आहेत, त्यातलं एक त्या काकांचंच. आता ते स्वतः चालत नाहीत. त्यांच्या घरी तुमच्या मुलांबरोबर मी येईन.

नवीन सभासद, नंदाखाल

चार नाही, सहा जण येतो. शनिवारी दुपारी चालेल का? सकाळी लेक्चर असतं.